नर्सिंगचा प्रवेश: टोकन देण्याआधी

कोपरखैरण्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार आहेत, मूळ गाव पाटण तालुक्यात. मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) आणि इंग्रजी मिळून 58 टक्के. नीट जमली नाही, पण बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली आहे. ओळखीतल्या एका एजंटाने बेंगळुरूच्या कॉलेजचं चार वर्षांचं 6 लाखांचं ‘पॅकेज’ सांगितलंय. रविवारपर्यंत 50 हजार टोकन द्यायचे, नाहीतर सीट जाईल. गावची जमीन विकावी की कर्ज काढावं, असं ते विचारतात. शिवाय मुलीची आत्या म्हणते, ‘नर्सच करायची होती तर सायन्सला कशाला घातली?’

नमस्कार.

रविवारी टोकन देऊ नका, आणि जमिनीचा विषय सध्या घरात काढूच नका. कर्ज कुठून काढायचं हे तुम्ही विचारलंय, पण त्याच्या आधीचा प्रश्न आहे प्रवेश कुठल्या मार्गाने घ्यायचा. नर्सिंगमध्ये फी कोण भरणार हे बरंचसं त्यावरच ठरतं.

तुमच्या मुलीने सीईटी दिलीय, म्हणजे राज्याच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, ती बसू शकते. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेजच्या पातळीवर घेतलेल्या जागेला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. नवी मुंबईत हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण कामोठ्याचं एमजीएम आणि नेरूळचं डी. वाय. पाटील ही दोन्ही अभिमत विद्यापीठं आहेत. रुग्णालयं मोठी आहेत, मुली तिथे शिकतातही, पण त्यांची प्रवेशाची आणि फीची वाट वेगळी. घरापासून जवळ आहे म्हणून आधी तिथे फॉर्म भरायचा आणि मग माफी मागायची, तसं होत नाही. बेंगळुरूच्या कॉलेजबद्दल तर बोलायलाच नको, ही योजना तिथे चालत नाही.

तुम्ही लिहिलंय की एसईबीसीचा दाखला पाटणहून काढलाय, पण नॉन-क्रीमिलेयर (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) राहिलंय. माझ्या मते तुमच्या घरातला आजचा सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, नॉन-क्रीमिलेयर प्रांत कार्यालयाचं. दोन्हींसाठी ‘आपले सरकार’वरून किंवा सेतूतून अर्ज करता येतो. जात पडताळणीचा अर्जही याच आठवड्यात टाका आणि पावती जपून ठेवा. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा, कारण महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे तिथेच येतात. आणि हा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी विसरून बसलेल्या मुली मला दरवर्षी भेटतात.

माफी म्हणजे सगळं फुकट, असंही समजू नका. वसतिगृह, युनिफॉर्म, पुस्तकं, पोस्टिंगला जायचा प्रवास, डेव्हलपमेंट फी हे तुमच्याच खिशातून जाणार. कॉलेजची फी किती असावी हे राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर सापडतो. तो आकडा मोबाइलमध्ये घेऊनच कॉलेजच्या ऑफिसात जा. एका वेळी एकाच वर्षाची फी मागता येते. चार वर्षांचे एकदम भरा म्हणणारा माणूस कॉलेजचा असो की एजंट, तिथून उठायचं.

आता एजंटाबद्दल. कर्नाटकातली सगळी कॉलेजं वाईट असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘रोज जावं लागत नाही, परीक्षेला गेलं की झालं, असं तो म्हणतो.’ नर्सिंगला असं काही नसतं. वॉर्डात उभं राहिल्याशिवाय इंजेक्शन, कॅथेटर, बाळंतपण काहीच हाताला येत नाही, आणि हजेरी अपुरी असेल तर परीक्षेलाही बसता येत नाही. हजेरी न लावता मिळालेल्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे (नर्सिंग कौन्सिल) नोंदणी करायला गेलात, तर अडचण मुलीला येईल, एजंटाला नाही. आपल्याकडेही ठाणे, कल्याणच्या स्टेशनबाहेर ‘एक वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी’ असे फलक दिसतात. ते बहुतेक पेशंट केअर किंवा जनरल ड्युटी असिस्टंटचे कोर्स असतात. काम मिळतं, पण नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

कॅपमध्ये पर्याय भरताना यादी कशी लावायची? आधी कॉलेज महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का ते बघा, मग त्याचं स्वतःचं रुग्णालय. संगमरवरी लॉबी बघून मत बनवू नका. दुपारी दोनच्या सुमारास, पाळी बदलते तेव्हा, त्या रुग्णालयाच्या गेटवर मुलीला घेऊन उभे राहा. तिसऱ्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी बाहेर पडेल. तिला तुम्ही नाही, मुलीने विचारावं: या महिन्यात कुठल्या वॉर्डला आहेस? केसबुकमधल्या (पेशंटच्या नोंदींच्या वहीतल्या) केस खरंच बघायला मिळतात की एकीच्या बघून सगळ्या उतरवतात? लेबर रूमला पाठवतात का? दहा मिनिटांत जे कळेल ते माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं. ज्या कॉलेजच्या मुली सांगतील की आम्ही नुसत्या बेडशीट बदलतो आणि पाण्याचे जग भरतो, ते कॉलेज यादीत खाली टाका, भले ते घरापासून दोन स्टेशनांवर असो.

मुंबईतलं जेजे रुग्णालयाचं सरकारी नर्सिंग कॉलेज पर्यायांत वर ठेवा. मिळेलच असं नाही, पण न भरता तर नक्कीच मिळणार नाही. बीएस्सीचं जमलं नाही तर जीएनएम आहे, नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत नर्सिंगच्या शाळा आहेत. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही हाती येते. खासगी बीएस्सीला लाखो रुपये मोजण्यापेक्षा सरकारी किंवा महापालिकेचं जीएनएम मला केव्हाही बरं वाटतं. एएनएम हा त्याहून खालचा नर्सिंग कोर्स मात्र तिने घेऊ नये. सायन्स घेऊन पास झालेल्या मुलीला ते कमीच पडेल.

कर्ज लागलंच तर ते शैक्षणिक कर्जच असू द्या. एजंट ‘लोन आम्ही करून देतो’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा आईच्या नावावर पर्सनल लोन निघतं आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता चालू. बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, आणि 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. तरी हिशोब करून बघा. त्या 6 लाखांच्या पॅकेजचं कर्ज, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे, 10 टक्के व्याजाने घेतलं तर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजच दोन लाखांवर जातं. पुढे दहा वर्षं महिन्याला पावणेअकरा हजारांच्या आसपास. खासगी रुग्णालयात नव्या नर्सचा पगार बघता हा हप्ता जड आहे. 2016 मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20 हजार द्यावेत अशी शिफारस केली होती. शिफारस कागदावर राहिलेली रुग्णालयं आपल्या परिसरातही आहेत. सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं, पण त्यासाठी भरतीची परीक्षा पास व्हावी लागते. म्हणून हप्ता खासगी नोकरीच्या पगारावर बेतून ठरवा.

माथाडी मंडळाच्या कार्यालयात मुलांच्या शिक्षणासाठी काही मदत आहे का, तेही एकदा विचारा.

आत्याचं मनावर घेऊ नका. बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतंच, सायन्सला घातली म्हणूनच तर ती इथवर आली. खरा प्रश्न वहिनींचा, म्हणजे मुलीच्या आईचा आहे, ‘रात्रपाळी झेपेल का?’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, मुलीने द्यायचं. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, म्हणून म्हणतो, त्या दोनच्या पाळीला तिलाच पुढे करा.

एजंटाचा फोन आला तर कॉलेजचं, विद्यापीठाचं आणि रुग्णालयाचं नाव मेसेजवर लिहून मागा. पाठवलं तर तो मेसेज मला फॉरवर्ड करा, मी तपासून सांगतो. सीईटीचा निकाल आणि तुमचे दाखले घेऊन कॅपची यादी भरण्याआधी एकदा या, मुलीलाही आणा.