‘उचल वायू’ नको, आणि थोडे ऊदमांजराविषयी

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारले आहे: “झेपेलिनसारखी, हलक्या वायूवर तरंगणारी हवाई जहाजे परत येत आहेत, असे वाचले. त्यांत जो ‘लिफ्टिंग गॅस’ भरतात त्याला मराठीत ‘उचल वायू’ म्हणावे का? आणि ‘हायड्रोजनवर चालणारे हवाई जहाज’ ही रचना बरोबर आहे का?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ही रचना ऐकून कान किटले आहेत. बरोबर नाही. ‘वर चालणे’ इंधनासाठी. रिक्षा सीएनजीवर चालते. पुण्यात २०२२ साली इंधनघटाची (‘फ्युएल सेल’ची) जी बस दाखवली, ती हायड्रोजनवर चालणारी. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज मात्र हायड्रोजनवर तरंगत होते आणि डिझेलवर चालत होते. चार डेमलर-बेन्झ इंजिने होती त्याला. कॅलिफोर्नियातले आजचे १२४ मीटर लांबीचे पाथफाइंडर-१ हेलियमवर तरंगते आणि विजेच्या मोटारींवर चालते. खरोखर गॅसवर चालणारे म्हणायचे तर १९२८चे ग्राफ झेपेलिन: त्याची इंजिने ‘ब्लाउ गॅस’ जाळत. तो जवळपास हवेइतकाच जड, त्यामुळे कितीही जाळला तरी जहाजाचे वजन बदलत नसे. पण त्यालाही वर धरत होता तो हायड्रोजनच.

आता ‘उचल’. मराठीत उचल म्हणजे ऊसतोडीला निघण्याआधी मजूर मुकादमाकडून घेतात ती रक्कम. शिवाय उचल्या कोण, हे मंडईत सांगावे लागत नाही. ‘उचल वायू’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच काही येईल. आणि वायू उचलतो, हेही खरे नाही; उचलते ती भोवतालची जड हवा. शाळेच्या पुस्तकात तरंगवणाऱ्या बलाला ‘प्लावक बल’ आहे, म्हणून ‘प्लावक वायू’ म्हणा. परिभाषा तयार आहे, नवी टाकसाळ उघडायला नको.

खरी मजा ‘हायड्रोजन’मध्ये आहे. इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये ओळखलेल्या या ‘ज्वालाग्राही हवे’ला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या मंडळींनी ग्रीक शब्दांतून नाव घडवले: पाणी जन्माला घालणारा. ग्रीक ‘हुदोर’ आणि आपले ‘उदक’ सख्खी भावंडे, ग्रीक ‘गेन’ आणि आपला ‘जन्’ हेही तसेच. म्हणजे हायड्रोजन हा परका शब्द दोन्ही पायांनी आपल्याच अंगणात उभा आहे. हिंदीत ‘उद्‌जन’ केले गेले, जुन्या मराठी पुस्तकांत ‘उज्ज’. या ‘उज्ज’वर माझा फार जीव आहे. ‘उद’ म्हणजे पाणी धरले, तर संधीनियमाने ‘उदज’ व्हायला हवे होते. ‘उज्ज’ होतो तो ‘उद्’पासून, आणि ‘उद्’ म्हणजे वर! ‘उद् + ज्वल’चे ‘उज्ज्वल’ होते, तसे. ज्याने हा शब्द पाडला त्याच्या मनात पाणी, वर जाणे आणि पेटणे अशी तिन्ही असणार, असे मी मानतो. व्याकरणवाले म्हणतील की निव्वळ सोयीने एक अक्षर खाल्ले. म्हणोत.

त्याच ‘उद’चा ‘उद्र’: पाण्यात राहणारा प्राणी. हिंदीत ‘ऊदबिलाव’ म्हणजे आपले पाणमांजर. मग मराठीत ‘ऊदमांजर’ रात्री कौलांवर फिरणाऱ्या, जन्मात पोहायला न गेलेल्या प्राण्याला कसे चिकटले? जाणकार ठसक्यात सांगतात की त्याच्या अंगाला वास येतो, म्हणून ऊद, म्हणजे धुपाटण्यातला. तो ऊद अरबी. ही व्युत्पत्ती मला मुळीच पटत नाही. शेजारच्या भाषेत तोच जोडशब्द पाण्यातल्या प्राण्यासाठी धडधडीत उभा असताना अरबस्तानात कशाला जायचे? पाण्यातल्या मांजराला ‘पाणमांजर’ हे स्वच्छ नाव मिळाले, जुने नाव रिकामे झाले, ते कौलांवरच्याने पटकावले. आणि वासाची गोष्ट मागाहून कुणीतरी जोडली. सारांश, हिंडेनबर्ग आणि ऊदमांजर एकाच घराण्यातले.

हेलियमचे घराणे सूर्याचे. ग्रीक ‘हेलिओस’ आणि आपला ‘सूर्य’ एकाच मुळाचे; सप्तचा ‘हेप्ता’ होतो तसा सचा ह झाला. इथवर कुणाचे भांडण नाही. भांडण आहे ते दर १८ ऑगस्टला ऐकू येणाऱ्या वाक्याशी, की १८६८ साली त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने विजयदुर्गावर उभे राहून हेलियम शोधला. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आला होता तो गुंटूरला. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहणाविना, मायदेशातूनच. विजयदुर्गाला तो आला १८९८च्या ग्रहणाला, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये हेलियम प्रयोगशाळेत पकडल्यानंतर. अभिमानच हवा असेल, तर १८९८च्या त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला गेले होते आणि निरीक्षणांचा अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला, त्याचा बाळगा. त्यांचे नाव इथे कितीजणांना माहीत आहे?

हां, वायूची निवड. शून्य अंशाला घनमीटरभर हवेचे वजन १.२९ किलो, हायड्रोजनचे ०.०९, हेलियमचे ०.१८. म्हणून ‘हेलियम दुप्पट जड, मग निम्मेच उचलणार’ हा समज खोटा, १.२० किलोच्या जागी १.११ किलो, इतकाच फरक. हिंडेनबर्गचा आराखडाही हेलियमसाठी होता, पण अमेरिकेने निर्यात रोखलेली. हायड्रोजन भरला, आणि ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला ते पेटून ३६ माणसे गेली. आज साठ टन वाहणारे जहाज बांधू पाहणारी फ्रान्सची फ्लाइंग व्हेल्स ही कंपनी हेलियमच धरून आहे. हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून निघतो आणि महाग पडतो, म्हणून हायड्रोजनची बाजू घेणारेही पुन्हा बोलू लागले आहेत. बातमीदारांनी त्यांच्या हायड्रोजनसाठी ‘ज्वालाग्राही’ हा जुना शब्द जपून ठेवावा. ‘ज्वलनशील’ तर लाकूडही असते.

‘हवाई जहाज’ मात्र सोडा. हिंदीत ते साधे विमान. मी ‘वायुनौका’ लिहितो.