जाळ्याचा क्रमांक : टिंब की सलग संख्या?

प्रश्न : हिंजवडीतील आमच्या कार्यालयात एकाच जाळ्याचा (नेटवर्कचा) ऑटोनॉमस सिस्टिम क्रमांक, म्हणजे इंटरनेटवर त्या जाळ्याची ओळख सांगणारा क्रमांक, एका राउटरवर, उदाहरणापुरते, ६५५४६ असा दिसतो, तर दुसऱ्यावर १.१० असा. नोंदींसाठी कोणती पद्धत ठरवावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : सलग संख्याच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी हे क्रमांक १६ बिटांचे, म्हणजे ६५५३५ पर्यंतच होते. ते अपुरे पडणार हे दिसल्यावर ३२ बिटांचे क्रमांक आले आणि मोठी संख्या वाचायला सोपी जावी म्हणून तिचे दोन भाग करून मध्ये टिंब देण्याची पद्धत निघाली. डावीकडच्या आकड्याला ६५५३६ ने गुणून त्यात उजवीकडचा मिळवला की मूळ क्रमांक येतो. मात्र बीजीपीचे (जाळी एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीचे) मार्ग गाळणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना जुळवणाऱ्या सूत्रात, टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा होतो, त्यामुळे १.१० साठी लिहिलेला नियम १५१० लाही लागू पडतो आणि भलत्याच जाळ्याचे मार्ग आत येतात किंवा अडतात. एक्सेलमध्ये तर १.१० चे १.१ होते, आणि तो ६५५३७ हा अगदी निराळा क्रमांक आहे! डिसेंबर २००८ च्या आरएफसी ५३९६ या इंटरनेटच्या तांत्रिक मानक-दस्तऐवजानेही सलग पद्धतच प्रमाण मानली. राउटरवरील मांडणी बदलताना टिंबासाठी लिहिलेले जुने नियमही त्याच वेळी बदलावेत, अन्यथा ते हव्या त्या क्रमांकाला जुळणार नाहीत.