ही-मॅनचं जुनं कार्टून पहिल्यांदाच बघतोयस?

अरे, १३० भाग आहेत म्हणून घाबरू नकोस. क्रमाने बघायची गरजच नाही, बहुतेक गोष्टी त्याच भागात संपतात. पळण्याची, ठोसा मारण्याची तीच ती दृश्यं सारखी दिसतील. ते बनवणाऱ्या फिल्मेशन स्टुडिओची काटकसर, दुसरं काय! आधी १९८२ची मॅटेलची खेळणी आली, मग १९८३ला मालिका. ही-मॅन ज्याच्यावर बसतो तो बॅटल कॅट तर जुन्या बिग जिम खेळण्यांतलाच वाघ, हिरवा करून घेतलेला. ती खेळणी मापाने मोठी, म्हणून तो बाकीच्यांपुढे एवढा दांडगा दिसतो.

ही-मॅनचा जुना बाहुला विकत घेणार असशील तर आधी पाय हलवून बघ. कमरेत आतून रबर असतं, ते सैल पडलं की पाय लोंबकळतात. मी नुसत्या फोटोवर भाळून एक घेतला. सध्या साहेब कपाटाला टेकून उभे आहेत.