नोकरी सांभाळून एलएलबी करताना हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देतात का?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षांच्या एलएलबीला आहात, नोकरी चालू आहे, हजेरी 66 टक्के भरतेय, तर परीक्षेचा फॉर्म भरून घेतील का आणि नोकरीचं कॉलेजला सांगावं का.

फॉर्म भरून घेतील. माझाही घेतला होता, फीची पावतीही हातात होती. हॉल तिकीट मिळालं नाही.

आधी हे बघा की तुमचे 66 टक्के कशाचे आहेत, एका विषयाचे की सगळ्यांचे मिळून? बार कौन्सिल ऑफ इंडिया ही कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या 2008 च्या नियमांत 12 वा नियम आहे. त्यात 70 टक्के प्रत्येक विषयाला लागतात. काही अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य सूट देऊ शकतात, पण त्यासाठी त्या विषयात किमान 65 आणि सगळे विषय मिळून 70 भरायला हवेत. म्हणजे 66 एकाच विषयाचे असतील आणि बाकीचे चांगले असतील तर रस्ता आहे. सगळे मिळून 66 असतील तर या नियमात प्राचार्यांच्याही हातात काही नाही.

हे मला शेवटच्या वर्षी कळलं. मी तेव्हा एका पतसंस्थेत कॅशवर होते. कॉलेज सकाळचं, अकराला काउंटर उघडायचं. आमच्या गावाहून पहिली एसटी स्टँडवर पोचायची आठला, तिथून चालत कॉलेज. पुरावा कायद्याचा तास नेमका आठचा आणि सर आत आल्या आल्या हजेरी घ्यायचे. मी आठ-दहाला मागच्या बाकावर बसायचे. तास पूर्ण ऐकायचे, माझी वही वर्गातल्या चौघीजणी उतरवून घ्यायच्या. रजिस्टरला मात्र गैरहजर. ऑफिसातल्या क्लार्कना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, होतं सगळं ॲडजस्ट." आणि घरी मामा. मामा तालुक्याला वकिली करतात. त्यांचं एकच पालुपद, "लॉला कॉलेजात कोण जातं? मी तीन वर्षांत वीस दिवस गेलो नसेन."

परीक्षेच्या दहा दिवस आधी नोटीस बोर्डावर यादी लागली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, झालेले तास 60, हजर 37. बाकी विषय धरून 74 टक्के होते. प्राचार्यांनी नियमाचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "39 असते तर मी सही केली असती. उशिराबद्दल तुम्ही आधी लेखी काही दिलंय का?" दिलं नव्हतं.

मामांनी रात्री तोडगा काढला. ओळखीच्या डॉक्टरांकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट, मागच्या तारखेचं. मी नाही म्हटलं. वकील व्हायच्या आधीच खोटा कागद दाखल करायचा, हे मला आजही पटत नाही. बाकीचे पेपर दिले, पुरावा कायदा पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलांबरोबर बसून पुन्हा केला. वकिलीची सनद वर्षभर लांबली. मामा अजून म्हणतात, हट्टापायी वर्ष घालवलंस.

घालवलं नाही. तिसऱ्या वर्षीच्या प्रॅक्टिसमध्ये एका दिवाणी दाव्यात समोरच्या वकिलांनी विसार पावतीची झेरॉक्स पुढे केली. मूळ पावती कुठे आहे याबद्दल साक्षीदार एक शब्द बोलला नव्हता. असा कागद कसा शाबीत केला यावरचा आक्षेप तो निशाणीवर, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक देऊन, घेतला जात असतानाच घ्यावा लागतो, नंतर युक्तिवादात ओरडून उपयोग नसतो. मी उठले, आक्षेप नोंदवला, झेरॉक्सला निशाणी पडली नाही. मामा मागच्या खुर्चीवर बसलेले होते. हे मी दुसऱ्यांदा ऐकलेल्या त्या तासांतून शिकले. गाइड वाचून पेपर निघतो, पण कोर्टात कधी उठायचं ते गाइडमध्ये नसतं.

नोकरीचं सांगा. सप्टेंबर 2024 च्या बार कौन्सिलच्या परिपत्रकानुसार नोकरी असेल तर ती जाहीर करावी लागते आणि मालकाची ना हरकत जोडावी लागते. त्याच वेळी दुसरी नियमित पदवी चालू असेल तर तीही सांगायची असते. बायोमेट्रिक हजेरीही त्यातलीच. लपवलेलं पदवीच्या वेळी बाहेर आलं तर निस्तरणं फार अवघड आहे. मामांच्या काळातला सल्ला देणारे तुम्हालाही भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

इंटर्नशिपचे 12 आठवडे आणि प्रॅक्टिकलच्या पेपरसाठी कोर्टात बसून बघायचे दोन खटले, एक दिवाणी एक फौजदारी, हे नोकरीवाले हमखास शेवटावर टाकतात. रजा आत्तापासून राखून ठेवा.

एक राहिलं. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलंय की हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. मला तो निर्णय योग्य वाटतो, आठ-दहाला पोचणाऱ्या मुलींसाठी तर नक्कीच. पण त्याच्या भरवशावर आठचे तास सोडू नका, तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते आधी वाचा.

आणि उद्याच ऑफिसातून विषयवार आकडे लिहून घ्या. उशिराचं, नोकरीचं, जे असेल ते अर्जात मांडा. अर्ज दोन प्रतींत करा आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.