थार तीन दारांची की पाच दारांची?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय 32. घरी आई, आप्पा, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. जुनी बोलेरो विकून थार घ्यायची आहे. मला तीन दारांची आवडते, घरचे रॉक्स, म्हणजे पाच दारांची थार म्हणतात. दीड लिटर डिझेलची तीनदारी ऑन-रोड 13 लाख, डिझेल रॉक्स 19 लाख. हाताशी 5 लाख आहेत, त्यातले 3 लाख पीक कर्जाचे. शोरूमवाला म्हणतो, हप्त्यात फक्त सहा हजारांचा फरक. जळगावच्या मित्राने डाळ मिलच्या कंपनीच्या नावावर गाडी घेऊन कर वाचवला. मलाही जमेल का?

उत्तर : आधी माणसं मोजा. तुम्ही पाच जण आणि तीनदारीत जागा चारच. शिवाय मागे जायचं तर पुढची सीट ढकलून, अंग चोरून, उंच पायरीवरून वर चढायचं. शोरूममध्ये आप्पांना एकदा मागे बसवून बघा, आणि उतरवूनही. बोलेरो दारात राहणार असती तर तीनदारीला मी हौस म्हणून हरकत घेतली नसती. ती जाणार असेल तर घराला रॉक्सच लागेल.

दोघींच्या किमतीतला फरक सगळा पत्र्याचा नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे. तीनदारी 3985 मिलिमीटर, म्हणजे थोडक्यात बसते. रॉक्स जवळजवळ साडेचार मीटर, तिला 40 टक्के. तीनदारीतच 2.2 लिटरचं इंजिन घेतलंत तर तिलाही 40 टक्के लागतात, तेव्हा त्या मोहात पडू नका.

आता ते ‘फक्त सहा हजार’. त्यांनी तीनदारीला पाच वर्षं धरली आणि रॉक्सला गुपचूप सात. 9 टक्के व्याज धरलं तर 8 लाखांचा हप्ता पाच वर्षं सुमारे 16,600; 14 लाखांचा सात वर्षं सुमारे 22,500. एकूण परतफेड जवळपास 10 लाख विरुद्ध 19 लाख! सहा लाखांचा फरक तिथेच नऊ लाखांचा झाला. शोरूमच्या टेबलावर हप्ता मोठ्या अक्षरात लिहितात, मुदत बारीक.

आणि हप्ता दरमहा येतो, केळीचा पैसा कटाईला. मे महिन्यात वादळाने बाग आडवी झाली, किंवा कटाईच्या तोंडावर भाव पडला, तर 22 हजार कुठून आणणार? हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक बिघडतो, आणि पुढच्या पीक कर्जाला बँक खोड काढते. म्हणून पीक कर्जाच्या तीन लाखांना हातही लावू नका. वेळेत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते व्याजाशिवाय पडतं. इतका स्वस्त पैसा गाडीत घालून खत-ठिबकला सावकाराकडे जाणारे मी पाहिलेत.

मित्राचं गणित तुम्हाला लागू नाही. त्याचं उत्पन्न करपात्र आहे, म्हणून वर्षाला 15 टक्के घसारा, म्हणजे गाडीची झीज खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करणं, त्याच्या कामाचा. शेतीचं उत्पन्न करमुक्त. वजावट घेणार कशातून? शिवाय कंपनीच्या नावावर रोड टॅक्स 20 टक्के बसतो, तुमच्या नावावर या किमतीच्या डिझेल गाडीला 14.

माझं म्हणणं : रॉक्स घ्या, पण आज नको. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीची कटाई होऊ द्या. तुमचे दोन लाख, बोलेरोचे पैसे आणि कटाईतली रक्कम मिळून नऊ लाख भरा, दहाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढा. हप्ता 20,800 च्या आत येईल आणि व्याज 4.9 लाखांऐवजी अडीच लाखांच्या आत. सहामाही हप्ता मिळतो का, हे बँकेत विचारा. शेतकऱ्याला तोच सोयीचा. नऊ लाख जमलेच नाहीत, तर बोलेरो आणखी एक हंगाम चालवा.

आणि ती एक्स्चेंजमध्ये द्यायच्या आधी भुसावळला दोन जुन्या गाड्यावाल्यांकडून भाव काढा. डिझेल बोलेरोला खेड्यात अजून गिऱ्हाईक आहे.