आईवडिलांना घेऊन थायलंड-सिंगापूरला जायचंय, कोणती कार्डं घ्यावीत?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की मे महिन्यात बायको आणि आईवडिलांसह थायलंड-सिंगापूरला जायचं ठरलंय. घरात एका सहकारी बँकेचं एटीएम कार्ड आहे, एका सरकारी बँकेचं डेबिट कार्ड आहे, क्रेडिट कार्ड कुणाकडेच नाही, आणि तिकिटं काढून देणारा एजंट म्हणतोय की फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्या, बाकी काही लागत नाही.

एकट्या फॉरेक्स कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. तुमच्या जागी मी असते तर मार्कअप (परदेशी खर्चावर बँक चढवते तो आकार) नसलेलं एक क्रेडिट कार्ड, वेगळ्या बँकेचं एक डेबिट कार्ड, थोडी रोकड, आणि आईवडिलांच्या हातात त्यांचं त्यांचं कार्ड, एवढी तयारी केली असती. आईवडिलांच्या कार्डाचं कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

मी बेळगावला उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कारखान्याचे हिशेब बघते. आमची माणसं जर्मनी, दुबई, बँकॉकला जात असतात. त्यांची कार्डं निघण्याआधी तपासून द्यायची आणि परत आल्यावर स्टेटमेंट जुळवायची, हे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे पैसा कुठे गळतो ते मला आकड्यांत दिसतं.

आधी घरातल्या कार्डांचं बघू. निपाणी असो, चिक्कोडी असो की खानापूर, आपल्या भागात घरचा बराचसा पैसा सहकारी बँकेत नाहीतर पतसंस्थेत असतो. त्यात काही वावगं नाही, पण सहकारी बँकांची बहुतेक रुपे कार्डं देशापुरतीच असतात. ‘रुपे ग्लोबल’ असं लिहिलेलं कार्ड डिस्कव्हर आणि डायनर्स या परदेशी कार्ड कंपन्यांच्या जाळ्यावर चालतं, पण ते घेणारी दुकानं व्हिसा-मास्टरकार्डच्या मानाने कमी. तेव्हा ते सहकारी बँकेचं कार्ड घरीच ठेवा. सरकारी बँकेच्या डेबिट कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डची खूण आहे का बघा. असेल तर ते न्या, पण एटीएमसाठी आणि अडीअडचणीसाठी. रोजच्या खर्चाला नको. का नको, ते सांगते.

आपलं कार्ड परदेशात वापरलं की बँक रूपांतराच्या दरावर स्वतःचा आकार चढवते, त्याला मार्कअप म्हणतात. बऱ्याच डेबिट आणि साध्या क्रेडिट कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ४.१३ टक्के. चौघांचा तिथला खर्च एक लाख झाला तर ४,१३० रुपये नुसते यात गेले. आणि हे पैसे पावतीवर वेगळे दिसत नाहीत, स्टेटमेंटमध्ये नंतर हळूच येतात. कार्ड घेताना लाउंज, पॉइंट, कॅशबॅक यांच्या जाहिरातीकडे बघूच नका. अटींच्या पत्रकात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ ही एकच ओळ शोधा.

हा मार्कअप शून्य असलेली कार्डं आता मिळतात. फेडरल बँकेचं स्कॅपिया आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेचं वॉव ही त्यातली दोन. अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या अटी पुन्हा वाचा, कारण बँका त्या बदलत असतात. तुम्ही लिहिलंय की शेती आणि तंबाखूचा व्यापार आहे, पगाराची स्लिप नाही. अशा माणसाचा क्रेडिट कार्डाचा अर्ज पुष्कळदा परत येतो. त्यावर उपाय म्हणजे मुदत ठेवीवरचं कार्ड. वॉव तसंच आहे: त्या बँकेत ठेव ठेवायची, तिच्यावर कार्ड मिळतं, उत्पन्नाचा पुरावा लागत नाही, आणि ठेवीवर व्याजही चालू राहतं. मात्र ठेव त्याच बँकेत हवी. पतसंस्थेतली पावती तिथे दाखवून चालत नाही, हे आधीच सांगते, कारण आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा तसाच समज होता.

क्रेडिट कार्ड म्हटलं की आपल्याकडची मोठी माणसं घाबरतात, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. बिल थकलं तर व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या वर जातं. पण सहलीचे पैसे तुम्ही बाजूला काढलेलेच आहेत ना? ते बचत खात्यात ठेवा, बिल आलं की पूर्ण भरा, एक पैसा व्याज लागणार नाही. फक्त त्या कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका. रोकडीवर शुल्क वेगळं आणि बहुतेक कार्डांवर व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

हॉटेलसाठीही क्रेडिट कार्डच बरं. सिंगापूरची हॉटेलं खोली देताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकते आणि मग सुटते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात, आणि ते मोकळे व्हायला कधी कधी तुम्ही घरी पोचेपर्यंत वेळ लागतो.

मग फॉरेक्स कार्ड वाईट का? नाही. दर आधीच पक्का होतो, आणि ते बचत खात्याला जोडलेलं नसतं, म्हणून हरवलं तर नुकसान भरलेल्या रकमेपुरतं. पण ‘यावर मार्कअप नाही’ असं एजंट सांगतो तेव्हा त्याला एकच विचारा: आज कार्ड कोणत्या दराने भरून देणार? समजा बाजारात सिंगापूर डॉलर ७० रुपयांना आहे आणि ते ७२ ने भरतात, तर जवळजवळ ३ टक्के तिथेच गेले. उरलेले पैसे परत घेताना खरेदीचा दर लावतात, तो आणखी कमी, म्हणजे दोन्हीकडून कापलं. शिवाय कार्डात भरलंय अमेरिकन डॉलर आणि खर्च केला थायलंडच्या बाटमध्ये, तर चलनबदलाचं वेगळं शुल्क. तुम्हाला बाट आणि सिंगापूर डॉलर दोन्ही लागणार, तेव्हा कार्डावर ही दोन्ही चलनं भरता येतात का ते स्पष्ट विचारून घ्या. कार्ड ज्याच्या नावाने घ्याल त्याचा पासपोर्ट आणि पॅन लागतो. आईचं पॅन नसेल तर आत्ताच अर्ज करा.

तुमच्या घरात फॉरेक्स कार्डाचा खरा उपयोग मला आईवडिलांसाठी दिसतो. सिंगापूरच्या मेट्रोत आणि बसमध्ये व्हिसा-मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट चालतं, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. पण एका कार्डावर एकच माणूस. तुम्ही पुढे होऊन चौघांसाठी चार वेळा टॅप कराल म्हणाल तर ते होत नाही. चढताना आणि उतरताना प्रत्येकाने आपलंच कार्ड लावायचं असतं. परदेशी कार्डावर तिथे वापराच्या दिवसाला ०.६० सिंगापूर डॉलर जादा घेतात, ते फार नाही. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोतही टॅप चालतं. म्हणून बायकोला तुमच्या क्रेडिट कार्डाचं जोडकार्ड मिळतं का बघा, आणि आईवडिलांना थोडीच रक्कम भरलेली दोन टॅपवाली फॉरेक्स कार्डं द्या. शिवाय म्हातारी माणसं कुठे चुकली, गर्दीत मागे राहिली, तर टॅक्सी करून हॉटेलवर येण्यापुरते पैसे त्यांच्या स्वतःजवळ असतात. पिन त्यांच्याकडून इथेच, घरी बसून पाठ करून घ्या.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे जातात ते. दुकानात किंवा एटीएमवर यंत्र विचारतं: रुपयात देणार की स्थानिक चलनात? आपल्याला वाटतं, रुपये म्हणजे ओळखीचं, नेमकं किती गेलं ते कळतंय, आणि बोट रुपयाकडे जातं. तिथे दर दुकानाच्या यंत्रामागची कंपनी लावते, आणि तो तुमच्या कार्डाच्या दरापेक्षा बराच महाग पडतो. रुपयात झालेल्या परदेशी व्यवहारावर काही भारतीय बँका वरून आपला आकारही लावतात. म्हणजे मार्कअप नसलेलं कार्ड इतक्या खटपटीने मिळवलं आणि एका बटनाने त्याचा फायदा घालवला. आमच्याकडच्या स्टेटमेंटमध्ये मला ही ओळ वारंवार सापडते, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या कार्डांवरसुद्धा, कारण दमलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता आपल्या रुपयाचा आकडा बरा वाटतो. कधी कधी दुकानदार न विचारताच रुपये निवडून यंत्र पुढे करतो. पडद्यावर रुपये दिसले की पिन घालू नका, व्यवहार रद्द करायला सांगा आणि बाटमध्ये करून घ्या. एटीएमवर हाच प्रश्न ‘विथ कन्व्हर्जन, विदाउट कन्व्हर्जन’ असा येतो. ‘विदाउट’च दाबायचं. चौघांनाही हे सांगून ठेवा.

थायलंडमध्ये रोकड बऱ्यापैकी लागते. रस्त्यावरचं खाणं, टुकटुक, छोटी दुकानं, सगळं नोटांवर चालतं. तिथल्या बँका परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क घेतात, काढलेली रक्कम कितीही असो. हजार बाट काढले तर बावीस टक्के गेले, दहा हजार काढले तर सव्वादोन टक्क्यांच्या आत. तुमच्या बँकेचं शुल्क आणखी वेगळं. म्हणून पहिल्या दोन दिवसांपुरते बाट इथूनच घ्या, बेळगावातून किंवा तुम्हाला जवळ पडतं त्या कोल्हापुरातून, परवानाधारक विक्रेत्याकडून आणि पावती घेऊन. विमानतळावरच्या खिडकीचा दर बहुधा सगळ्यात वाईट असतो. नियमाने एका फेरीत माणशी ३,००० अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा नेता येतात, तुम्हाला तेवढ्या लागणारही नाहीत. परत येताना लागतील म्हणून भारतीय रुपये जवळ ठेवाल, ते माणशी २५,००० पर्यंतच.

निघण्याआधी कार्डं चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन आणि टॅप या सोयी आपण ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन चालू करायच्या. हे तिथे गेल्यावर करायचं ठेवू नका. सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळुरू-मुंबई गाठून पुढचं विमान, असा लांबचा प्रवास करून तुम्ही पोचणार आणि पहिल्याच दुकानात कार्ड नाकारलं जाणार. खर्चाची मर्यादाही ॲपमध्येच लावता येते. डेबिट कार्डाची मी कमीच ठेवते, गरज पडली की वाढवायची. परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात, म्हणून परदेशी ऑनलाइन वापर कामापुरता चालू करून लगेच बंद करा.

बँकेत नोंदलेलं सिम फोनमध्येच राहू द्या आणि त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, ओटीपी त्यावरच येणार. तिथलं सिम दुसऱ्या खाचेत. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. सिंगापूरला काही ठिकाणी ते चालतं, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो आणि दुकानंही मोजकीच.

टीसीएसबद्दल, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ कापल्या जाणाऱ्या आयकराबद्दल, तुम्ही काळजीने विचारलं आहे. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे आणि डेबिट कार्डाचा परदेशी खर्च माणशी आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेला तरच तो लागतो, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची. परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्ड त्यात धरत नाहीत. पॅकेज टूर घेतलीत तर मात्र पहिल्या रुपयापासून टीसीएस कापतात, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो.

कार्ड हरवलं तर आधी ॲपमधून बंद करा, मग बँकेला फोन. परदेशातून टोल-फ्री क्रमांक बहुधा लागत नाहीत, म्हणून परदेशातून लावायचा वेगळा क्रमांक आधीच काढून सगळ्यांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा. हेल्पलाइनवर मराठी मिळेलच असं नाही, तेव्हा आईवडिलांचं कार्ड हरवलं तर तो फोन तुम्हीच करायचा हे ठरवून ठेवा. तुमचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे तुमच्यावर बोजा येत नाही. तक्रारीचा क्रमांक मात्र लगेच लिहून घ्या. दोन कार्डं दोन वेगळ्या पाकिटांत ठेवा, आणि जमलं तर एक व्हिसा, एक मास्टरकार्ड.

केवायसी, ठेव, कार्ड टपालाने निपाणीला येणं, पिन तयार करणं, यात दिवस जातात, म्हणून मार्चमध्येच सुरुवात करा. कार्ड हातात आलं की इथेच पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानात एकदा वापरून बघा. आईवडिलांच्या फॉरेक्स कार्डांवर इथे पैसे देता येत नाहीत, त्यांची शिल्लक ॲपमध्ये दिसते का आणि पिन तयार झालाय का, तेवढं तपासा.