लांबून मदत करताना

विमानाच्या उशिरामुळे आईबाबा परक्या विमानतळावर अडकले की आधी फोनवर फोन करणं थांबवा. त्यांची बॅटरी जपायची आहे. एकच मेसेज करा: समोरच्या बोर्डाचा फोटो पाठवा. बाकी धावपळ तुमची. पीएनआर आणि आडनाव हाताशी ठेवून एअरलाइनला तुम्ही फोन लावा, ते रांगेत उभे राहतील. ज्याचा नंबर आधी लागेल तो बोलेल. घाईत वेगळं तिकीट मात्र काढू नका. ते दुसऱ्या तिकिटावर गेले आणि मूळ तिकिटाच्या पहिल्या टप्प्याला प्रवासी आलाच नाही अशी नोंद झाली, तर त्याच पीएनआरवरचे पुढचे टप्पे, अगदी परतीचाही, बहुधा आपोआप रद्द होतात. आधी आहे तेच बदलून मागा. विम्यासाठी उशिराचं कारण लेखी घ्यायला सांगा, तेही काउंटर सोडण्यापूर्वी. आणि हो, नातेवाइकांच्या ग्रुपवर इतक्यात काही टाकू नका, नाहीतर आईबाबांनाच सतरा फोन जातील.